खिडकीतून दिलेली बक्षिसी

मी एका माणसाला पाचशे रुपये बक्षिसी दिली, आणि ती माझ्या हातून झालेली मोठी चूक आहे. बक्षिसी न देणाऱ्याला लोक चिकट म्हणतात. देणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. त्यामुळे दोन वर्षं माझी चूक कुणाच्या नजरेला आली नाही. ज्यांना दिली त्यांना ती त्याच क्षणी कळली होती, आणि मलाही कळली होती. आम्ही दोघंही गप्प राहिलो. ते मोठ्या मनाने गप्प राहिले, मी भित्रेपणाने.

तसा माझा हात सढळ. भिंगारच्या लष्करी कचेरीत कारकुनी करण्यात आयुष्य गेलं, पगार बेताचा, पण हॉटेलातून उठताना बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवल्याशिवाय मी कधी उठलो नाही. सिलेंडर जिन्याने वर आणणारा, दिवाळीला पोस्टमन, दवाखान्यातल्या मावशी, सगळ्यांना काही ना काही देत आलो. शिर्डीला गेलो की लॉजवर बॅग उचलून देणाऱ्या माणसाला निघताना इतका वेळ शोधत बसायचो की बायको वैतागायची. "तुम्हाला पैसे द्यायचे नसतात," ती एकदा म्हणाली, "तुम्हाला सलाम घ्यायचा असतो." मी हसण्यावारी नेलं. तिनेही ते चेष्टेतच म्हटलं होतं. पण काही चेष्टा उशिरा लागतात.

ज्यांच्याबद्दल लिहितोय ते आमचे रिक्षाकाका. म्हणजे माझ्या मुलीचे रिक्षाकाका. ती पहिलीत गेली तेव्हापासून तिची दहावी होईपर्यंत, दहा वर्षं, त्यांनी तिला भिंगारहून नगरच्या शाळेत नेलं-आणलं. सकाळी साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजायचा, दोनदा छोटा आणि एकदा लांब. लांब हॉर्न खास आमच्या घरासाठी, कारण आमच्याकडे रोज उशीर. "ए पोरी, शाळा काय तुज्यासाठी थांबती व्हय?" असं ओरडत ते स्वतः मात्र थांबायचे.

त्यांच्या रिक्षाच्या पुढच्या कप्प्यात सेफ्टी पिना, दोन-तीन रंगांच्या रिबिनी, आल्याच्या वड्या आणि एक धुतलेलं फडकं असायचं. पोरांना गाडी लागते, शिलाई उसवते, वेणी सुटते. याची सोय त्यांनी कुणी न सांगता केली होती. मुलगी तिसरीत असताना तिला शाळेत ताप भरला. आम्ही दोघंही कामावर, फोन कुणाचाच लागेना, तेव्हा शाळेने त्यांना बोलावलं. त्यांनी तिला घरी आणलं, शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली, तिला पलंगावर झोपवलं आणि बायको येईपर्यंत उंबऱ्याबाहेर बसून राहिले. संध्याकाळी मी म्हणालो, "अरे, आत बसायचं की, पंखा होता." ते म्हणाले, "हितनं दिसत हुती की पोर."

'अरे' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आम्ही दोघं एकाच वयाचे, असलाच तर महिन्या-दोन महिन्यांचा फरक. तरी ते मला 'दादा' आणि 'तुमी' म्हणायचे आणि मी त्यांना 'अरे' म्हणायचो. आता लिहिताना त्यांना 'ते' म्हणतोय, ते मी उशिरा शिकलो.

दिवाळीला मी त्यांना पाकीट आणि फराळाचा डबा द्यायचो. पाकीट ते कपाळाला लावून खिशात ठेवायचे. त्या देण्यात काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही. वर्षभर ऊन-पावसात राबलेल्या माणसाला सणाला काही द्यावं, ही चांगली रीत आहे. डबा परत यायचा तो रिकामा नसायचा. त्यांची बायको त्यात शेंगदाण्याचे लाडू घालून पाठवायची. ते लाडू मुलगी खायची, एवढं मला माहीत आहे. बाकी घरात कुणी खायचं का, हे मी कधी पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे पाहायचं टाळलं. त्यांच्या रिक्षात आरशाखाली बुद्धाची लहानशी मूर्ती होती. आमच्या घरात त्याबद्दल कधी कुणी चांगलं-वाईट बोललं नाही. बोलत नाही म्हणजे मनातही नाही, असं मी सोयीने धरून चाललो होतो.

मुलगी मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. रिक्षाकाकांनी रिक्षा विकून एक जुनी चारचाकी घेतली आणि ती भाड्याने चालवू लागले. मुलीचं लग्न अकोले तालुक्यातल्या एका चांगल्या घरात ठरलं, तेव्हा पाठवणीच्या गाडीसाठी मी त्यांना विचारायला गेलो.

"इचारताय काय दादा?" ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाला सांगितलं असतं तर दारात येऊन भांडलो असतो."

"भाडं किती घेशील ते सांग."

"डिझेल टाका. आपल्याच पोरीला सोडायचं, तर तिचं कुठं भाडं घेत्यात?"

आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना टोपी-टॉवेल करतात. माईकवरून नाव पुकारायचं, माणूस स्टेजवर येतो, त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. ती टोपी पुन्हा कुणी घालत नाही, टॉवेलही बहुधा एका धुण्यात विरतो. पण आपलं नाव पुकारलं गेलं की राहिलं, हे माणूस मरेपर्यंत विसरत नाही. एक नाव राहिलं म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत, अशी घरं मला माहीत आहेत.

मुलीने मला बजावून ठेवलं होतं, "पप्पा, मामांच्या नंतर लगेच रिक्षाकाका. विसरायचं नाही." त्यांच्यासाठीचा टॉवेल तिने स्वतः कापडबाजारात जाऊन आणला होता. जाड, पांढरा, निळ्या काठाचा. दुकानदाराने दाखवलेले आठ-दहा टॉवेल गालाला लावून बघून तिने तो निवडला, असं बायकोने मला हसत सांगितलं. मानाच्या माणसांची यादी मीच लिहिली. चौदावं नाव त्यांचं होतं.

लग्नाच्या दिवशी माईक माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे होता. मुहूर्ताआधी त्यांनी यादीवरून नजर फिरवली आणि मला बाजूला घेतलं.

"हे चौदा नंबरचं कोण?"

"रिक्षावाला. आपल्या पोरीला शाळेत सोडायचा तो. नवरीची गाडी त्याचीच आहे."

"म्हणजे ड्रायव्हर. मग ड्रायव्हरला जाताना खुशी देतात. त्याला स्टेजवर कशाला बोलावतोस?"

"तिची इच्छा आहे, अण्णा."

"तिला काय कळतंय? समोर सगळी भावकी बसलीय. चांगल्या कामात कुणाला बोलायला जागा कशाला द्यायची? हातावर पाचशे टेकव. तोही खूश, आपणही मोकळे."

आणि त्यांनी खिशातलं पेन काढून चौदाव्या नावावर रेघ ओढली.

अण्णांनी जात काढली नाही. काढायची गरज नव्हती. त्यांच्या स्वतःच्या गाडीवरचा ड्रायव्हर आमच्या गावचा, आमच्यातलाच होता. त्याचं नाव यादीत नव्हतं, तरी ते पुकारलं गेलं आणि त्याला स्टेजवर टोपी-टॉवेल मिळाला. ड्रायव्हरला स्टेजवर बोलवत नाहीत, हे कारण तिथेच खोटं ठरलं. मी अण्णांच्या शेजारी उभा होतो. माईक माझ्या हाताच्या अंतरावर होता. मुलगी माझी, मांडव माझा, यादी माझ्या अक्षरातली. मी एक शब्द बोललो नाही. पाहुण्यांमध्ये तमाशा नको, असं मी मनाशी म्हणालो. खरं तर तमाशा झालाच नसता. अण्णा जरा घुश्शात राहिले असते, एवढंच. तेवढंही मला सोसलं नाही.

मामांचं नाव पुकारलं गेलं. रिक्षाकाका मांडवाच्या कडेला खांबापाशी उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मुलीने त्यांना आधीच सांगितलं असणार, कारण मामा स्टेजवरून उतरायला लागले तसा त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि कॉलर सारखी केली. मग दुसरंच नाव आलं. त्यानंतर आणखी एक. चार-पाच नावं झाल्यावर ते हळूच बाहेर गेले. मला वाटलं, निघून गेले की काय. मी मागोमाग जाऊन पाहिलं, तर ते गाडीवरच्या शेवंतीच्या माळांवर पाणी शिंपडत होते. उन्हाने फुलं मलूल व्हायला लागली होती.

मुलीचं आवरणं लांबलं होतं. ती मांडवात आली तेव्हा मानपान उरकलेले होते. हार घालून झाल्यावर मी जवळ गेलो, तर तिने पहिलं हेच विचारलं, "काकांचं झालं ना, पप्पा?"

"झालं," मी म्हणालो.

चार वाजता पाठवणी निघाली. मुलगी गाडीत बसली, बायका रडायला लागल्या. माझ्याने तिच्याकडे बघवेना म्हणून मी वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेलो. रिक्षाकाका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसतही नव्हते. दहा वर्षं रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी जिची वाट पाहिली, तिला ते आज सोडायला निघाले होते आणि संध्याकाळी परत आणायचं नव्हतं. त्या वेळी त्यांच्या खांद्यावर मी नुसता हात ठेवला असता तरी पुष्कळ होतं. मी काय केलं, तर घडी केलेली पाचशेची नोट खिडकीतून त्यांच्या शर्टाच्या खिशात सारली आणि म्हणालो, "हे ठेव. गाडी सावकाश चालव."

त्यांनी आधी खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग बाहीने डोळे पुसले.

"बरं, साहेब," म्हणाले.

तोवर त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

त्यानंतर ते मला साहेबच म्हणत राहिले. रस्त्यात दिसले की हात वर करायचे, "नमस्कार साहेब." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्या खिडकीशी मी आमच्यातलं जे नातं ठरवलं होतं, ते त्यांनी मान्य केलं होतं. बायकोच्या ते लक्षात आलं. "हे तुम्हाला साहेब कधीपासून म्हणायला लागले?" तिने विचारलं.

"हेडक्लार्क झालो ना मी."

"त्याला चार वर्षं झाली," ती म्हणाली, आणि भाजी निवडता निवडता बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

टोपी आणि टॉवेल मी माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवून दिले होते. फेकून देववत नव्हते आणि नेऊन देण्याचं धाडस नव्हतं. थंडी आली की स्वेटर काढताना निळा काठ दिसायचा. त्या दोन वर्षांत माझी बक्षिसी देण्याची सवय पहिल्यासारखी राहिली नाही. देत होतो, पण देताना घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागलो. हॉटेलातला वेटर नोट उचलतो आणि त्याचं आपलं पुढचं टेबल पुसायला लागतो. तिथे काही बिघडत नाही, ते त्याच्या कामाचं आहे. पण एखादा माणूस कामाच्या पलीकडे येऊन आपल्यासाठी उभा राहिलेला असतो, तेव्हा नोट काढली की तो पुन्हा कामापुरता होऊन जातो. हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. कळून उपयोग काय, कपाट तर बंदच होतं.

मग मुलीचं पहिलं बाळंतपण आलं. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचं ठरलं. फोनवर ती म्हणाली, "पप्पा, रिक्षाकाकांनाच पाठवा. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मला मळमळतं."

दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच फोन केला. मला वाटलं होतं, गाडी रिकामी नाही असं सांगतील. ते म्हणाले, "आनतो की. कवा निघायचं?" बायको त्यांच्यासोबत गेली. मी रजा मिळत नाही असं सांगितलं. रजा मिळाली असती. चार तास त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची माझी छाती नव्हती.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, दोनदा छोटा आणि एकदा लांब. मी दारात आलो. त्यांनी मुलीला हाताला धरून उतरवलं, सासरहून आलेलं तांदळाचं पोतं आणि बॅगा उंबऱ्यापर्यंत आणून ठेवल्या. मी ठरलेलं भाडं दिलं आणि हाताच्या सवयीने वर शंभराची नोट ठेवली. त्यांनी ती तेवढी वेगळी काढून परत माझ्या हातात दिली.

"भाडं बरूबर हाय साहेब. वरचं न्हाई घेत."

ते गेले. मुलगी पंख्याखाली पाय पसरून बसली, पाणी प्यायली, आणि मोठ्या आनंदाने म्हणाली, "पप्पा, मी काकांना विचारलं, माझा टॉवेल वापरता का नुसता ठेवून दिलाय? तर म्हणाले, रोज वापरतो. लई मऊ हाय, म्हणाले, किती बी धुतला तरी मऊच राहतो. बघा, आहे की नाही माझी निवड!"

मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. जो टॉवेल त्यांनी कधी पाहिलासुद्धा नव्हता, त्याचं कौतुक त्यांनी माझ्या मुलीसमोर केलं होतं. तिला काय सांगितलं गेलं असेल, हे त्यांनी तिच्या एका प्रश्नावरून ओळखलं आणि गाडी चालवता चालवता माझं खोटं सावरून घेतलं.

ती रात्र कशीबशी गेली. सकाळी मुलीचा चहा झाल्यावर मी टॉवेल आणि टोपी आणून तिच्यासमोर पलंगावर ठेवली. निळा काठ तिने लगेच ओळखला. मी सगळं सांगितलं, अण्णांची रेघ, माझं गप्प बसणं, खिडकीतली नोट. तिने टॉवेलवर हात ठेवला.

"मग काल ते खोटं का बोलले?" तिने विचारलं.

"मला वाचवायला."

"नाही पप्पा. मला वाईट वाटू नये म्हणून." तिने टॉवेलची घडी केली आणि माझ्याकडे सरकवली. "आणि हे मला काय सांगताय? त्यांना सांगा."

मी पिशवीत टॉवेल, टोपी घातली, वाटेत नारळ घेतला आणि स्टँडवर गेलो. लिंबाखाली गाड्या लागलेल्या होत्या. रिक्षाकाका आणि तिघं-चौघं ड्रायव्हर बाकावर चहा घेत बसले होते. त्यातल्या एकाने मला बघून विचारलं, "कुठं जायचं, साहेब?"

"ऱ्हाऊ दे रे," रिक्षाकाका उठत म्हणाले, "आमचं गिऱ्हाईक हाय ते."

मी पिशवीतून टॉवेल काढला, वर टोपी ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "हे तुमचं आहे. दोन वर्षं माझ्या घरी राहिलं."

त्यांनी टॉवेलकडे पाहिलं. काठावरून एक बोट फिरवलं. "जाड हाय की चांगला," हळूच म्हणाले, जणू स्वतःशीच. मग त्यांनी माझे हात हलकेच मागे सारले. "आता कशाला, साहेब? टोपी मांडवात घालत्यात. हितं घातली तर ही मंडळी म्हनतील, ह्यानं दुसरं लगीन केलं."

सगळे हसले. तेही हसले, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. "घरी न्या. बाळाचं अंग पुसायला व्हईल पोरीला," ते म्हणाले आणि चहाच्या ग्लासाकडे वळले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा काहीतरी द्यायलाच आलो होतो. खिशात नोट सारली होती तशीच टोपी हातात टेकवायची आणि मोकळं व्हायचं, हेच माझ्या मनात होतं. मी टॉवेल, टोपी, नारळ, सगळं पिशवीत घालून पिशवी बाकावर ठेवली. हात रिकामे झाले आणि ते कुठे ठेवावेत ते कळेना. मग मी त्यांचं नाव घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट, यादीत चौदाव्या ओळीवर लिहिलं होतं तसं. माईकवरून घ्यायला हवं होतं तेवढ्या मोठ्याने घेतलं. ते ग्लास हातात धरून वळले.

"माझ्या मुलीच्या लग्नात तुमचं नाव मी लिहिलं होतं," मी म्हणालो, "आणि माझ्या डोळ्यांदेखत खोडू दिलं. का खोडलं ते मला कळत होतं, आणि तुम्हालाही कळलं होतं. तुम्ही घरच्या माणसासारखे रडत होता आणि मी तुमच्या खिशात पैसे घातले. मुलीशी मी खोटं बोललो आणि ते खोटं तुम्ही निभावून नेलंत. दोष अण्णांवर ढकलत नाही. मांडव माझा होता, चूक माझी आहे. मला माफ करा."